कानाने ऐकलेले एकतीस अ‍ॅक्सल

मोटारीच्या कारखान्यातल्या आमच्या नोंदवहीत अ‍ॅक्सलच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या आसाच्या, आवाजाला चारच नावं होती: शांत, कुजबुजतो, गातो आणि ओरडतो. ओरडणारा अ‍ॅक्सल भट्टीत जायचा, गाणारा पुन्हा घासायला जायचा. कुजबुजणारा गिरणीवाल्यांच्या आणि दारू गाळणाऱ्यांच्या गाड्यांना बसायचा, आणि शांत असेल तो सरदार-उमरावांच्या. वही माझ्याकडे होती. माझं नाव रूबेन टिडमार्श. कॉव्हेंट्रीत मला ओळखणारे लोक म्हणतात, टिडमार्शला माणूस भेटला की आधी त्याचा रकाना ठरतो, मग नमस्कार होतो. खोटं नाही ते.

पूर्वी हा त्रासच नव्हता. पाच-सहा वर्षांमागे गाडी एवढी खडखडायची की मागच्या अ‍ॅक्सलने स्तोत्रं म्हटली असती तरी कुणाला कळलं नसतं. मग आमच्या लोकांनी इंजिनाच्या झडपा बदलल्या, साखळ्या बदलल्या, धुराच्या नळीला हा एवढा डबा लावला. इंजिन गप्प झालं. सासू गप्प बसली की नणंद ऐकू यायला लागते, तसा मागचा अ‍ॅक्सल ऐकू यायला लागला. तोवर आमच्या जाहिराती छापून झाल्या होत्या: ‘आमची गाडी बोलत नाही.’ आता तिला गप्प बसवणं आलंच.

अ‍ॅक्सलच्या पोटात दातेरी चाकांची जोडी असते, एक मोठं, एक छोटं. तेलात कुरुंदाची पूड घालून ही दोन चाकं एकमेकांवर तासन्‌तास फिरवायची, म्हणजे दातांना दातांची सवय होते. मग तांब्याच्या तारेने एकत्र बांधायची. ही गाठ जन्माची. यातलं मोठं आणि त्यातलं छोटं असं चालत नाही. कारखान्यात त्यांना नवराबायकोच म्हणत. आणि या नवराबायकोंचं भांडण ऐकायला बसवलेला माणूस म्हणजे एनॉक पारजिटर.

एनॉक मूळचा घड्याळजी. त्याचा बाप घड्याळजी, आजा घड्याळजी. आमच्या गावात एकेकाळी माळ्यामाळ्यावर मोठ्या खिडकीशी घड्याळं जुळवणारे बसलेले असत. स्विस आणि अमेरिकन माल आला आणि त्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. एनॉकने चाळिशी उलटल्यावर मोटारीच्या कारखान्यात पाय ठेवला. त्याच्यासाठी आमच्या व्यवस्थापकांनी, कॉल्डेकॉट साहेबांनी, एक ‘शांत खोली’ बांधली, भिंतींना घोड्याच्या केसांच्या गाद्या, दोन दारं आणि मधे लाकडाचा भुसा. बाहेरून पट्टा येऊन अ‍ॅक्सल फिरवायचा. एनॉक जुन्या कामातली नासपतीच्या लाकडाची एक काठी घ्यायचा, तिचं एक टोक अ‍ॅक्सलच्या पेटीवर टेकवायचा, दुसरं टोक दातात धरायचा आणि डोळे मिटायचा. मिनिटभराने काठी काढून म्हणायचा, “गातो. छोट्याचा अकरावा दात.” उघडून बघावं तर अकराव्या दातावर खडूच्या रेघेएवढा उंचवटा.

“दातात का धरतोस रे?” मी एकदा विचारलं होतं.

“कान लबाड असतो कारकुंड्या. त्याला जे ऐकायचं तेच ऐकतो. हाडाला लबाडी जमत नाही.”

सगळ्यांनी ती घड्याळजीची जुनी खोड म्हणून सोडून दिली. शांत निघालेल्या पेटीवर तो ‘ए. पी.’ असा ठसा मारायचा, आपल्या बापाने घड्याळाच्या आतल्या पत्र्यावर मारला असता तसा. शंभरातले अकरा तो परत पाठवायचा. दर महिन्याला अकरा, कधी दहा, कधी बारा. इतका सरळ रकाना मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

माझ्या नजरेला खटकलं ते वेगळंच. चाकं कापायच्या दालनात, जिथे मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे एनॉक पटापट उत्तरं द्यायचा, टोमणे मारायचा. आणि आमच्या चॅपेलमध्ये, जिथे टाचणी पडली तरी म्हाताऱ्या मागे वळून बघतात, तिथे तो ‘आमेन’ सगळ्यांच्या नंतर म्हणायचा. गोंगाटात ऐकू येतं आणि शांततेत नाही, हा कुठला हिशेब? मी ते मनात लिहून ठेवलं. रकाना सापडला नव्हता.

मग मे महिन्यात पाहुणे आले. कॉल्डेकॉट साहेब मोठ्या गिऱ्हाइकांना कारखाना दाखवायला आणत. फिरवून आणलं की ऑर्डर पक्की, असा त्यांचा अनुभव. त्या दिवशी लेडी ऑर्मरोड होत्या. गुडघ्यांपर्यंत कोट, डोक्यावर जाळी. शांत खोलीचं दार उघडलं तर आत एनॉक गुडघ्यावर बसलेला, डोळे मिटलेले, दातात काठी.

“अगंबाई!” बाई खळखळून हसल्या. “मिस्टर कॉल्डेकॉट, याला हाड कुणी दिलं?”

बरोबरचे सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले. एनॉकने डोळे उघडले नाहीत. मला तेव्हा वाटलं, काय ताबा आहे माणसाचा स्वतःवर!

पुढच्या सोमवारी साहेबांनी बर्मिंगहॅमहून डॉक्टर लोकांची नळी मागवली. काळं रबर, कानात घालायची दोन हस्तिदंती बोंडं.

“पारजिटर, आजपासून ही. आपण दोन हजार लोकांसमोर शांततेची जाहिरात करतो आणि आपला माणूस कुत्र्यासारखा काठी चावतो. बरं दिसत नाही.”

“साहेब, माझ्या हाताला काठीची सवय आहे.”

“दाताला म्हणायचंय का तुला?” साहेब म्हणाले. स्वतःच्या विनोदावर खूश होऊन निघून गेले.

त्या दिवशी चार अ‍ॅक्सल आले. चारही शांत. दुसऱ्या दिवशी तीन, तीनही शांत. चाकं कापणाऱ्यांचा मुकादम स्किलिंग गुरुवारी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “बघितलंस? नळी आल्यापासून माझा एकही माल परत नाही. तो म्हातारा काठीतून स्वतःच्याच दातांची कुरकुर ऐकत होता इतकी वर्षं!” साहेब तर त्याच्याही पुढे. त्यांनी संचालकांना लिहिलं की नळीमुळे अ‍ॅक्सलांची प्रत सुधारली. ताप मोजायची काच बदलली म्हणून रोगी बरा झाला, असं म्हणणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही; पण डॉक्टरला संचालक मंडळ नसतं.

नऊ दिवस. एकतीस अ‍ॅक्सल. एकतीस वेळा मी माझ्या चांगल्या अक्षरात ‘शांत’ लिहिलं. दहाव्या दिवशी सकाळी मी दोन्ही दारं लावून शांत खोलीत गेलो. एनॉक नळी लावून बसला होता, पाठ माझ्याकडे.

“एनॉक,” मी म्हणालो, नेहमीच्या आवाजात, “तुझ्या घराला आग लागलीय.”

तो बसून राहिला. मग त्याने नळी काढली, वळला, मला बघून दचकला आणि म्हणाला, “शांत. लिही.”

मी त्याच्या हातातून नळी घेतली, बोंडं कानात घातली. मला अ‍ॅक्सलातलं फारसं कळत नाही, पण हा गात होता हे कळायला घड्याळजी असायची गरज नव्हती. डबक्यावर डास घोंगावावा तसा बारीक, न थांबणारा सूर.

मी नळी त्याच्या मांडीवर ठेवली. तो माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की इतके दिवस तो माझ्या ओठांकडेच बघतो आहे.

“केव्हापासून?”

“आईला हेच होतं,” एनॉक म्हणाला. “तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, कानातलं हाड थिजतंय. आतला भाग ठणठणीत आहे. दातातून गेलं की सगळं ऐकू येतं, रूबेन, पूर्वीसारखंच. गोंगाट असला तरी भागतं. तुम्ही सगळे ओरडता ना तिथे. पण ही नळी... ही म्हणजे माझ्या कानात कापूसच घातलाय.”

“मग साहेबांना सांग.”

“काय सांगू? तुमच्या शांत गाडीचा ऐकणारा बहिरा आहे?” तो हसला, पण नीट जमलं नाही. “चोपन्नाव्या वर्षी मला कोण ठेवील? घड्याळाच्या धंद्यात परत जाऊ? कुठलं घड्याळ? टॅबिथाला अजून सांगितलेलं नाही. ती समजते मी तिच्याकडे लक्ष देत नाही. तीस वर्षांच्या संसारात ते खपून जातं.”

काम गेलं की माणूस गेला, हे आमच्या गावात सांगावं लागत नाही. आम्ही त्याच दिवशी वाट काढली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे आवारात भाकरी आणि डुकराचं थंड मांस खायला बसले की आम्ही आतून कडी घालायचो आणि एनॉक काठीने दिवसाचे अ‍ॅक्सल ऐकायचा. मग संध्याकाळपर्यंत नळी लावून तोच निकाल पुन्हा सांगायचा. साहेब कधी बघायला आले तर मी कोपऱ्यात वही धरून उभा: पेन्सिल उभी म्हणजे शांत, आडवी म्हणजे गातो. शंभरी अकराचा हिशेब परत जमायला लागला. स्किलिंग म्हणाला, “नळी बिघडली.”

राहिले ते एकतीस.

“त्यांतले तीन-चार तरी गाणारे असतील,” एनॉक रोज म्हणायचा. “माझा ठसा आहे रे त्यांच्यावर. परत मागवायला हवेत.”

“आणि कारण काय सांगणार? गप्प बस. गाडीत बसणारे बहुतेक लोक स्वतःचाच आवाज ऐकत असतात. कोण तक्रार करतंय!”

हा सल्ला माझा. मी शहाणा माणूस. माझा सल्ला लोक मागायला येतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लेडी ऑर्मरोडांची गाडी आवारात शिरली. गर्द हिरवी, आत करड्या कापडाची बैठक, पडदे. बाई म्हणाल्या, ताशी बावीस मैलांवर गाडीत कुणीतरी बासरी वाजवतं.

“अशक्य,” कॉल्डेकॉट साहेब म्हणाले. “टिडमार्श, वही.”

मी वही उघडली. नळीच्या नऊ दिवसांतला पाचवा. सोळा क्रमांक. शांत.

“आमच्या ज्या माणसाने हा ऐकला त्यालाच बरोबर घेऊ,” साहेब म्हणाले. “बाईसाहेबांची खात्री होईल.”

असे आम्ही निघालो, केनिलवर्थच्या रस्त्याने. पुढे ड्रायव्हर, काचेच्या पलीकडे. मागे बाई आणि त्यांच्या शेजारी साहेब. समोरच्या घडीच्या दोन बैठकांवर, त्यांच्याकडे तोंड करून, मी आणि एनॉक. त्याने रविवारचा कोट घातला होता. काचा बंद. अशी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. बाईंच्या हातमोज्याचं चामडं कुरकुरलेलं ऐकू येत होतं. आमच्या लोकांनी खरोखरच कमाल केली होती. एनॉकच्या दृष्टीने याहून वाईट जागा इंग्लंडात नसेल.

बावीस मैलांवर तो सूर लागला. बारीक, गोड म्हणावा असा, आणि तिथून हलायला तयार नाही.

“हा!” बाई म्हणाल्या. “ऐकलंत?”

साहेबांनी ऐकला. त्यांच्या तोंडावरून कळलं. पण साहेबांना ऐकायचा नव्हता. “पारजिटर,” ते सावकाश म्हणाले, “तुझं काय म्हणणं? तुला अ‍ॅक्सल ऐकू येतो का?”

एनॉकने त्यांचे ओठ वाचले. मग हळूच माझ्या हातांकडे पाहिलं. मी पेन्सिल उभी धरली.

आता कुणी म्हणेल, का? तर मी मनात रकाना मांडला होता. एनॉक म्हणाला शांत, साहेबही म्हणतील शांत, दोन तज्ज्ञांपुढे बाई काय करणार? जास्तीत जास्त बैठकीचे स्क्रू आवळून देऊ. एनॉकचं काम राहील, साहेबांची जाहिरात राहील, माझी वही राहील. सगळ्या बाजूंनी हिशेब जुळत होता. मी पेन्सिल आणखी सरळ केली.

एनॉक पेन्सिलीकडे बघत राहिला. मग बाईंच्या चेहऱ्याकडे. त्या वाट बघत होत्या, कपाळाला आठी. आपल्याला भास तर होत नाही ना, अशी शंका आलेला माणूस दिसतो तशा. मला वाटतं ती आठी त्याच्या ओळखीची होती.

त्याने कोटाच्या आतून काठी काढली. साहेब “पारजिटर!” म्हणेपर्यंत तो खाली बसला होता. त्याने गालिचा गुंडाळला, फळी उचलली, काठीचं टोक खाली अ‍ॅक्सलच्या नळकांड्यावर टेकवलं आणि दुसरं दातात धरून डोळे मिटले. गाडी धावत होती. रस्त्याची धूळ फळीतून वर येऊन बाईंच्या झग्याच्या घोळावर बसत होती. बाई हसल्या नाहीत.

मिनिटभराने त्याने काठी काढली. “गातो. बाईसाहेब बरोबर आहेत. छोट्याच्या एका दाताला उंचवटा आहे, आणि मोठं चाक केसभर वर बसलंय.”

“तुझाच ठसा आहे ना त्याच्यावर?” साहेबांचा आवाज घोगरा झाला होता. “मग हा पास कसा झाला?”

“तो मी कानाने ऐकला होता, साहेब,” एनॉक म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्याने सगळं सांगितलं, तीन वर्षांचं, नळीचं. बाई म्हणाल्या, “अहो, मग काठी द्या की त्याला परत! त्यात काय एवढं?” साहेब म्हणाले, “बाईसाहेब, उद्या वर्तमानपत्रात आलं, की यांच्या शांततेची पारख बहिरा करतो, तर?” त्यावर बाईंनी झग्यावरची धूळ झटकली.

आवारात उतरल्यावर साहेब माझ्याकडे वळले. एनॉक चार पावलांवर उभा होता, माझ्या तोंडासमोर.

“टिडमार्श. तुला ठाऊक होतं?”

“मी सांगतील ते लिहितो, साहेब,” मी म्हणालो.

एनॉकने ते वाचलं. कानाने ऐकलं असतं तर निदान आवाज थरथरला होता हे तरी त्याला कळलं असतं. ओठांवर तेही दिसत नाही. “त्याला काय ठाऊक साहेब,” तो म्हणाला. “कारकून तो.”

साहेबांनी त्याला काढलं आणि शनिवारी तो गेला. जाताना खिडकीशी आला. “रूबेन, त्या एकतीसचे क्रमांक दे. कुणाकुणाच्या गाडीला गेले तेवढं. बाकी काही नको.”

“साहेबांनी वही कुलपात ठेवलीय,” मी म्हणालो. वही माझ्या कोपराखाली होती, वर सकाळचं वर्तमानपत्र. त्या पानांवर प्रत्येक ओळीत माझं अक्षर होतं. साहेबांनी बाकीच्या तीसांबद्दल सांगून टाकलं होतं: ज्यांना ऐकू येईल ते येतील.

एनॉकने मान हलवली आणि गेला.

नळी आता लेस्टरहून आलेल्या एका तिखट कानाच्या माणसाच्या गळ्यात आहे. तो शंभरातले एकवीस परत पाठवतो. स्किलिंग आता म्हाताऱ्याची आठवण काढून गहिवरतो.

सप्टेंबरमध्ये शर्यतींच्या आठवड्यात मी स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलापुढून चाललो होतो. मागच्या आवारात गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर घोळक्याने विड्या ओढत होते. कुणीतरी शीळ घातली, कुत्र्याला बोलावतात तशी. “ये, ये, हाड घे!” मी वळून पाहिलं. आमच्या कारखान्याच्या एका गाडीचं मागचं चाक उचलून ठेवलं होतं, एक ड्रायव्हर मेहेरबानी केल्यासारखा ते हाताने फिरवत होता, आणि खाली दगडांवर, रविवारच्या कोटात, दातात काठी धरलेला एनॉक. क्रमांक नसल्यामुळे तो आमची दिसेल ती गाडी ऐकत सुटला होता. हाताने फिरवलेल्या चाकावर त्याला काय कळणार? बावीस मैलांवर गाणारा अ‍ॅक्सल हाताने फिरवला तर मुका असतो. हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

शीळ त्याला ऐकू येत नव्हती, एवढंच बरं. मी त्याच्यासमोर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शांत खोलीत कडी घालून बसलो आणि एकतीस ओळी उतरवून काढल्या. क्रमांक, गाडी, मालक, गाव. सोळापुढे लिहिलं, ‘दुरुस्त.’ खाली सही केली. ती का केली ते मला अजून नीट सांगता येत नाही. हा कागद साहेबांच्या हाती पडला तर त्याच सहीने माझी खिडकी बंद होईल.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दार टॅबिथाने उघडलं. हाताला पीठ.

“ते घरी नाहीत. हॉटेलाच्या आवारात असतील.”

“हे त्याला द्या, वहिनी.”

तिने कागद उलगडला, वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. सहीपाशी बोट थांबलं.

“तुम्हाला ठाऊक होतं तर,” ती म्हणाली. “माझ्याआधी.”

“हो.”

“ते म्हणाले, रूबेनला काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं तेव्हाही तेच म्हणाले. दोनदा.”

तिने कागदाची घडी घातली, पिठाची बोटं त्यावर उमटली, आणि आत जाऊन दार लोटलं. लागल्याचा आवाज आला नाही. त्या घरातल्या बिजागऱ्यांना एनॉक दर रविवारी तेल घालतो. मी बराच वेळ पायरीवर उभा होतो, दार लागलंय की उघडं आहे तेच कळेना.